न्यूझीलंडमध्ये साहसी खेळांत दुखापत झाली तर: तयारी, उपचार आणि कागदपत्रं

न्यूझीलंडला निघालेल्या बहुतेकांच्या कानावर दोन गोष्टी आलेल्या असतात. एक म्हणजे क्वीन्सटाउनला जाऊन बंजी, स्कायडाइव्ह, जेटबोट यांतलं काहीतरी करायचंच. दुसरी म्हणजे तिथे अपघात झाला तर खर्च सरकार करतं. ही दुसरी गोष्ट अर्धी खरी आहे, आणि लोक अडकतात ते उरलेल्या अर्ध्यात. कुणी विमाच न काढता जातं. कुणी विमा काढतं, पण पडल्या दिवशी डॉक्टरकडे जात नाही, कारण ग्रुपची बस सकाळी सातला निघणार असते. चार दिवसांनी पाय सुजून बुटात जाईना की धावपळ सुरू होते, आणि तोवर पडल्याचा एकही कागद हातात नसतो.

म्हणून हा लेख पुणे-मुंबईहून तिकीट काढण्यापासून सुरू होतो आणि घरी परतून क्लेम भरण्यापाशी थांबतो. तुम्ही आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर पहिला, दुसरा आणि दहावा टप्पा त्यांच्यासोबत बसून वाचा.

१. एसीसी काय देतं आणि काय देत नाही

अ‍ॅक्सिडेंट कॉम्पेन्सेशन कॉर्पोरेशन, सगळे एसीसी म्हणतात, ही तिथली सरकारी अपघात-विमा संस्था. ही योजना १ एप्रिल १९७४ पासून चालू आहे. चूक कुणाची हे न पाहता अपघाती दुखापतीच्या उपचाराला ती पैसे देते, आणि त्यात परदेशी पर्यटकही येतात. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागत नाही, हप्ताही नाही.

मिळतं ते असं: सरकारी रुग्णालयातला तातडीचा उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रिया, अपघातानंतर २४ तासांच्या आत लागलेली अ‍ॅम्ब्युलन्स, आणि डॉक्टर, फिजिओथेरपी, एक्स-रे यांच्या खर्चातला काही वाटा. हा ‘वाटा’ लक्षात ठेवा. खासगी दवाखान्यात किंवा फिजिओकडे गेलात तर एसीसीचा वाटा वजा करून उरलेली रक्कम तुम्हाला काउंटरवर भरावी लागते. तिला तिथे सरचार्ज म्हणतात.

न मिळणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे:

- आजारपण. छातीत दुखणं, न्यूमोनिया, पोट बिघडणं, साखर वाढणं यांचा एसीसीशी संबंध नाही. आजारासाठी बोलावलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सचं आणि रुग्णालयाचं पूर्ण बिल परदेशी माणसाला येतं.
- झिजेचं दुखणं. गुडघ्याची झीज आधीपासून असेल आणि चढणीवर दुखायला लागला, तर तो अपघात धरला जात नाही. पडून दुखापत झाली तरी मूळ कारण झीजच आहे असं ठरलं तर दावा नाकारला जातो. साठीपुढच्या लोकांना हा अनुभव जास्त येतो.
- भारतातला बुडालेला पगार किंवा धंदा.
- हुकलेली विमानं, पुढची हॉटेलं, सोबत थांबलेल्या नातेवाइकाचा खर्च.
- घरी परत आणण्याचा खर्च, मग ते आडवं झोपवून आणणं असो वा पार्थिव आणणं.
- भारतात परतल्यानंतरचा उपचार.
- न्यूझीलंडला पोचण्याआधी विमानात किंवा जहाजावर झालेली इजा.

आणखी एक. एसीसी पैसे देतं, त्याच्या बदल्यात तिथला कायदा दुखापतीच्या नुकसानभरपाईसाठी आयोजकावर दावा लावू देत नाही. दंडात्मक भरपाईचा अपवाद आहे, पण त्यासाठी अतिशय गंभीर बेपर्वाई सिद्ध करावी लागते. ‘काही झालं तर कंपनीला कोर्टात खेचू’ हा भारतातून नेलेला विचार तिथे चालत नाही. म्हणून वरच्या यादीतला प्रत्येक खर्च तुमच्या प्रवास विम्यातूनच निघायला हवा.

२. पॉलिसीत कोणते शब्द शोधायचे

साध्या पर्यटक व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही. त्यामुळे एजंट बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त पॉलिसी जोडून देतो. ती तशी घेऊ नका. पॉलिसीचं पूर्ण शब्दांकन मागवा, जाहिरातीचं एक पान नव्हे, आणि त्यातलं ‘वगळलेल्या बाबी’ हे प्रकरण आधी वाचा.

भारतातल्या पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळ मुळातच वगळलेले असतात आणि जादा हप्ता भरून घ्यावे लागतात. जोडून घेतले तरी ‘हौशी स्वरूपात, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली’ अशी अट असते. म्हणजे गाइडबरोबर राफ्टिंग चालेल, पण भाड्याची माउंटन बाइक घेऊन तुम्ही एकटे उतारावर गेलात तर वाद निघू शकतो. तुम्ही करणार असलेल्या प्रत्येक खेळाचं नाव लिहून कंपनीला ईमेल करा: बंजी, टँडम स्कायडाइव्ह (प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारलेली उडी), स्कीइंग, स्नोबोर्डिंग, जेटबोट, राफ्टिंग, माउंटन बाइकिंग, हिमनदीवरचं चालणं, गाइडशिवायचा ट्रेक. उत्तर ईमेलनेच घ्या. फोनवरचं ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

आणखी चार गोष्टी तपासा. जुन्या आजारांबद्दलची अट. वयाची मर्यादा आणि ठरावीक वयापुढे कमी होणारी रक्कम. वैद्यकीय कारणाने परत आणण्याचा खर्च वेगळा धरलाय की उपचाराच्या रकमेतच. आणि बाह्यरुग्ण उपचाराला किती रक्कम आधी स्वतः सोसायची. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती जाहीर करा. लपवलेला रक्तदाब हे दाव्याला नकार द्यायला सर्वांत सोपं कारण असतं.

३. सामानात काय असावं

कागद, एक प्रत सामानात आणि एक फोनवर:

- पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत
- पॉलिसी, तिचा क्रमांक, मदत केंद्राचा परदेशातून लागणारा नंबर
- डॉक्टरचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन, औषधांच्या मूळ रासायनिक नावांसह, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या फार्मासिस्टला कळत नाहीत
- एका पानावर रक्तगट, अ‍ॅलर्जी, जुन्या शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधं
- जुन्या गुडघ्याचा किंवा पाठीचा एमआरआय रिपोर्ट असेल तर तोही. नवी दुखापत जुन्यापेक्षा वेगळी आहे हे दाखवायला तो लागतो.

औषधं मूळ पाकिटातच ठेवा, तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा नेऊ नका.

ट्रेकिंगचे बूट नेणार असाल तर घरीच ब्रशने तळवे धुऊन, वाळवून घ्या आणि विमानात मिळणाऱ्या किंवा ऑनलाइन भरायच्या घोषणापत्रात ‘वापरलेलं बाहेरचं सामान’ म्हणून नोंदवा. राजमाचीची लाल माती खाचांत अडकलेली राहिली आणि तुम्ही ती जाहीर केली नाही, तर विमानतळावरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. याला घाबरून कोरे करकरीत बूट मात्र घेऊन जाऊ नका. निघण्याआधी महिनाभर घालून ते पायाला सवयीचे करा.

उतरल्यावर तिथलं सिम घ्या. ०८०० ने सुरू होणारे मोफत नंबर भारतीय रोमिंगवरून लागतीलच असं नाही.

४. आयोजक तपासा, काउंटरवर खरं सांगा

२००८ साली न्यूझीलंडमध्ये दोन मोठ्या दुर्घटना झाल्या. एप्रिलमध्ये मांगाटेपोपो घळीत सहा विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक पुरात गेले. त्याच वर्षी कावाराउ नदीत रिव्हरबोर्डिंग (छोट्या फळीला धरून प्रवाहाबरोबर वाहत जाणं) करताना एका ब्रिटिश पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने या व्यवसायाची तपासणी केली आणि सुरक्षा ऑडिट व नोंदणीची सक्ती आणली. ९ डिसेंबर २०१९ ला व्हाकारी बेटावरच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती, त्यांतली २२ गेली. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. १ एप्रिल २०२४ पासून गंभीर धोके ग्राहकाला आधी सांगणं आयोजकावर बंधनकारक आहे.

तुम्ही करायचं इतकंच की वर्कसेफ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आयोजकाचं नाव शोधायचं. यादीत नसणारा प्रत्येक जण बेकायदा असतो असं मात्र नाही. स्कायडाइव्ह आणि पॅराग्लायडिंग नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात, जेटबोट सागरी खात्याच्या. तिथे त्या-त्या परवान्याबद्दल विचारा. नीट काम करणारा आयोजक या प्रश्नाने चिडत नाही.

मग येतं काउंटर, आणि आपली माणसं तिथेच चुकतात.

वजन कमी सांगू नका. बंजीला ते वजनकाट्यावरच बघतात, कारण दोर वजनानुसार निवडला जातो. पण स्कीच्या दुकानात बरेचदा तुम्ही सांगाल तेच लिहून घेतात. पाठीची शस्त्रक्रिया, गरोदरपण, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, वाढलेला रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, पंधरा दिवसांपूर्वी मुरगळलेला पाय, हे सगळं फॉर्मवर लिहा. ‘पैसे भरलेत, आता नाही म्हणाले तर?’ म्हणून गप्प बसणं हे सर्वांत महागात पडणारं गप्प बसणं. बऱ्याच ठिकाणी वैद्यकीय कारणासाठी पैसे परत मिळतात किंवा दुसरा खेळ बदलून देतात. बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.

मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, कानातलं, ओढणी हॉटेलवरच काढून ठेवा. बोट सुजल्यावर अंगठी कापावी लागते.

५. कुठल्या खेळात काय मोडतं आणि का

स्की आणि स्नोबोर्ड. स्कीचे डोंगर म्हणजे दक्षिण बेटावर कोरोनेट पीक, रिमार्केबल्स, कार्ड्रोना, उत्तर बेटावर रुआपेहू. हंगाम साधारण जून ते ऑक्टोबर. बर्फ न पाहिलेल्या माणसाला सर्वांत जास्त दुखापती इथे होतात, म्हणून यावर थोडं सविस्तर.

स्कीला बूट धरून ठेवणाऱ्या कळीला बाइंडिंग म्हणतात. पडताना पायाला ठरावीक पिळापेक्षा जास्त पीळ बसला की ती सुटायला हवी, नाहीतर लांबलचक पट्टी तरफेसारखं काम करते आणि पीळ थेट गुडघ्यात जातो. ती किती ताणावर सुटावी याचा आकडा पाच गोष्टींवरून ठरतो: वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि तुमची पातळी. पातळी तीन प्रकारची असते: सावध, मध्यम, आक्रमक. फॉर्मवर ऐटीत तिसरा प्रकार लिहिला की आकडा चढतो, कळ सुटत नाही, गुडघ्याचा लिगामेंट तुटतो. उलट वजन दहा किलोने कमी सांगितलं तर आकडा उतरतो आणि साध्या वळणावर स्की निघून येते. पन्नाशीपुढे आकडा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणून वयही खरं सांगा. स्कीवर पाय ठेवण्याआधी दर वेळी बुटाच्या तळव्यावरचा बर्फ झाडा. गोठलेला बर्फ मधे राहिला तर कळ नीट बसत नाही.

पडायला लागलात तर पडा. मागे झुकून, गुडघे वाकवून सावरायची धडपड केली की गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध (एसीएल हा लिगामेंट) तुटतो. घसरणं थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. हातातली काठी सोडून द्या. ती मुठीत धरून आपटलात तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला बंध फाटतो, आणि ही इजा बर्फावर इतकी नेहमीची आहे की तिला स्कीअरचा अंगठा असंच नाव पडलंय.

स्नोबोर्डवर दोन्ही पाय बांधलेले असतात, त्यामुळे सगळा भार हातांवर येतो. उघडा तळवा टेकला की मनगट मोडतं. मूठ बंद करून कोपरापासूनच्या हातावर पडायला शिका आणि मनगटाचे गार्ड भाड्याने घ्या. पहिल्या दिवशी दोन तासांचा क्लास घ्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला थांबा. मांड्या थकल्यावरची ‘शेवटची एक फेरी’ दवाखाना भरते.

टँडम स्कायडाइव्ह. ९,०००, १२,००० किंवा १५,००० फुटांवरून उडी. धोक्याचा क्षण उतरण्याचा असतो. उतरताना प्रशिक्षक ‘पाय वर’ म्हणेल तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली घालून गुडघे छातीकडे ओढायचे. पाय खाली लोंबकळले तर ते आधी जमिनीला लागतात आणि घोटा जातो. जमिनीवर असतानाच दोन-तीनदा करून बघा. नाडीचे बूट घाला. सर्दीने कान बंद असतील तर उडी पुढे ढकला. आदल्या दिवशी स्कूबा केलं असेल तर २४ तास उंचीवर जायचं नाही, उडीही नाही आणि विमानही नाही.

बंजी. कावाराउ पूल ४३ मीटर, नेव्हिस १३४ मीटर. हाडं मोडणं इथे विरळा. त्रास होतो तो मानेला आणि डोळ्यांना: उलटं लटकताना डोक्याकडचा दाब वाढतो. डोळ्याच्या पडद्याचा किंवा काचबिंदूचा इतिहास असेल तर इथे फक्त बघे व्हा.

जेटबोट. बोट जागच्या जागी गिरकी घेते तेव्हा मोबाइलवर चित्रण करणाऱ्याचा एकच हात दांड्यावर असतो. दात आणि बरगड्या तिथे जातात. दोन्ही हातांनी दांडा धरा, पाय जमिनीला रोवा, पाठ ताठ ठेवा. मणक्याचं दुखणं असलेल्यांनी बसू नये. हाडं ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांचा मणका एका आपटीत दबू शकतो.

ल्यूज. रोटोरुआ आणि क्वीन्सटाउनच्या उतारावरची छोटी गाडी. सगळे हिला लहान मुलांचं खेळणं समजतात. वळणावर तोल सावरायला माणूस सवयीने पाय बाहेर काढतो, पाय मागे ओढला जातो आणि घोटा मोडतो. गाडी उलटली तरी चालेल, पाय आतच. चपला नकोत, कोपर झाकणारे कपडे हवेत.

माउंटन बाइक. गळपट्टीचं हाड आणि मनगट. वाटांना सोप्यापासून अवघडापर्यंत हिरवा, निळा, काळा असे रंग असतात. पुण्यात रोज सायकल चालवत असलात तरी पहिल्या दिवशी हिरवाच.

६. गाइड सोबत नसतो तेव्हा

आयोजकाच्या हाती असताना निदान हेल्मेट तरी असतं. स्वतःच्या बळावर चालायला, पोहायला जाणं जास्त जपून करायला हवं.

टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग ही उत्तर बेटावरची एका दिवसाची डोंगरवाट. तिची सर्वांत उंच जागा १,८८६ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. आकडे पाहून सह्याद्रीतले ट्रेकर निवांत होतात. पण टोंगारिरोची वाट सुमारे २० किलोमीटर एकाच दिशेने जाते, सहा ते आठ तास लागतात, मधे पाण्याची सोय नाही, ताक-पोह्यांची टपरी नाही, आणि ऐन उन्हाळ्यातही वर बोचरा वारा आणि कधी बर्फ असतो. रेड क्रेटर या ज्वालामुखीच्या विवराच्या कडेवरून पाचूच्या तळ्यांकडे (एमराल्ड लेक्स) उतरताना सुट्या खड्यांवर पाय घसरतात. इथे टाच रोवत, पावलं छोटी ठेवत, ट्रेकिंग काठी घेऊन उतरा. घसरलात तर मागे हात टेकू नका, बैठक मारा.

नदी हा दुसरा धोका. दक्षिण बेटाच्या पश्चिम भागात दोन तासांच्या पावसात ओढ्याची नदी होते. गढूळ पाणी, वाहत येणारी लाकडं, तळाशी दगड गडगडल्याचा आवाज, यांतलं एकही दिसलं-ऐकू आलं तर ओलांडू नका. पाणी जसं चढतं तसं उतरतंही. थांबा.

समुद्रात जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. ऑकलंडच्या पश्चिमेचे पिहा, मुरीवाई हे किनारे ओढीसाठी, म्हणजे माणसाला आत खेचून नेणाऱ्या प्रवाहासाठी, कुख्यात आहेत. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, पाठीवर तरंगा, एक हात वर करा.

फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ हिमनद्यांच्या तोंडाशी लावलेली दोरी ओलांडू नका. २००९ च्या जानेवारीत फॉक्सपाशी दोरीपलीकडे फोटोसाठी गेलेल्या दोन तरुण भावांवर बर्फाचा कडा कोसळला आणि दोघेही गेले. रोटोरुआत भूऔष्णिक भागात आखलेल्या वाटेबाहेर पाय टाकू नका, खाली उकळतं पाणी आणि वर पातळ पापुद्रा असतो. नैसर्गिक गरम कुंडांत डोकं बुडवू नका. नाकावाटे शिरणाऱ्या अमिबामुळे मेंदूला जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

‘ते अनाउ’ या गावापासून मिलफर्डपर्यंतच्या रस्त्यावर मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, तशीच बहुतेक ट्रेकवरही. म्हणून पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत तुमची जागा बचाव पथकाला कळवणारं छोटं यंत्र, भाड्याने घ्या. ट्रेकिंग सामानाच्या दुकानांत आणि काही पर्यटन केंद्रांत मिळतो. तो बॅगेच्या तळाशी टाकू नका, अंगावर बाळगा. जिवावर बेतलं तर उघड्या आकाशाखाली अँटेना सोडून कळ दाबायची आणि मदत येईपर्यंत बंद करायचं नाही, जागाही बदलायची नाही. शोध-बचावाचं बिल येईल म्हणून कळ दाबायला कचरू नका. तिथे शोध-बचावासाठी सापडलेल्या माणसाकडून पैसे घेत नाहीत.

७. पडल्यानंतरचा पहिला तास

आणीबाणीचा नंबर १११. पोलीस, अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन सगळ्यांना एकच. आधी जागा सांगा, मग काय झालं ते. जीव धोक्यात नसेल आणि कुठे जावं कळत नसेल तर हेल्थलाइनला ०८०० ६११ ११६ वर दिवसरात्र मोफत विचारता येतं.

मान किंवा पाठ दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत, तर माणसाला हलवू नका. ‘उठवून बसवू, पाणी पाजू’ ही आपली माया तिथे घातक ठरते. शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर खाणंपिणं देऊ नका.

मुरगळलेल्या सांध्याला तेल लावून चोळू नका. आंबेहळदीचा गरम लेप नको, शेकही नको. पहिले दोन दिवस बर्फ रुमालात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. क्रेपबँडेज बांधा आणि पाय उशीवर घ्या.

एक्स-रे लागेल का हे घोट्यापुरतं घरच्या घरी कळतं. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या टेंगळांच्या मागच्या कडेवर बोटाने दाबा. हाडावरच दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवा. गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज आला आणि दोन-चार तासांत तो टम्म सुजला तर आतला बंध तुटल्याचा संशय धरा. मनगटावर पडलात आणि अंगठा वर ताणल्यावर त्याच्या मुळाशी दिसणाऱ्या खळग्यात दुखतंय, तर तिथलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. ते पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हटल्यावर पट्टी काढून टाकू नका, १०-१४ दिवसांनी पुन्हा तपासा.

डोक्याला मार लागला की २४ तास कुणीतरी सोबत हवं. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गोंधळलेलं बोलणं, झोपेतून नीट जागं न होणं, यांतलं काहीही दिसलं तर १११. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालय.

आणि नोंद. आयोजकाच्या माणसाला तिथेच सांगून अपघाताच्या वहीत नोंद करायला लावा आणि तिचा फोटो घ्या. जागेचा फोटो, वेळ, सोबतच्या दोघांची नावं आणि फोन लिहून ठेवा. ग्रुप टूरमध्ये असाल तर टूर मॅनेजरला मेसेज करून कळवा, तोंडी नको.

८. डॉक्टरकडे काय सांगायचं

जिवावरचं नसेल तर रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पाच तास बसण्यापेक्षा अर्जंट केअर दवाखाना बरा. स्कीच्या डोंगरांवर प्रथमोपचार केंद्र असतं. क्वीन्सटाउनजवळ फ्रँक्टनला छोटं रुग्णालय आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी डुनेडिन किंवा इन्व्हरकारगिलला हलवतात. म्हणजे बाकीचं कुटुंब क्वीन्सटाउनच्या हॉटेलात आणि रुग्ण काही तासांच्या अंतरावर, असं होऊ शकतं. तो राहण्या-जाण्याचा खर्च एसीसी देत नाही, हे पुन्हा सांगतो.

दावा तुम्ही नाही, डॉक्टर दाखल करतात. फॉर्मचं नाव एसीसी ४५. त्यात तुम्ही सांगता ते शब्द उतरतात, म्हणून नेमकं सांगा. ‘गुडघा दुखतोय’ म्हणालात तर ते दुखणं झालं. ‘आज सकाळी अकरा वाजता कोरोनेट पीकवर स्कीइंग करताना पडलो, गुडघा आतल्या बाजूला पिळला, तोवर काहीच त्रास नव्हता’ म्हणालात तर तो अपघात झाला. तारीख, वेळ, जागा, कृती, कुठला भाग. अर्थात घडलं तेच सांगायचं. जुना त्रास असेल तर तोही.

आई-वडिलांना इंग्रजी जड जात असेल तर दुभाष्या मागा. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा तिथे रुग्णाचा हक्क आहे. मराठी दुभाष्या मिळेलच असं नाही, हिंदी मिळण्याची शक्यता जास्त. मुलाने भाषांतर करताना ‘बाबांना काही होत नाही हो’ असं स्वतःच उत्तर देऊन टाकणं टाळा.

निघताना हे घेऊनच निघा: एसीसी दाव्याचा क्रमांक, तपासणीची लेखी टिप्पणी, एक्स-रेच्या प्रतिमा (फक्त रिपोर्ट नव्हे), औषधांची चिठ्ठी, सरचार्जची पावती. कुबड्या उसन्या दिल्या तर त्या कुठे परत करायच्या तेही विचारा.

९. विमा कंपनीला कळवणं

एसीसी खर्च करतंय म्हणून विमा कंपनीला कळवायचं राहून जातं, आणि नंतर तिकिटांचा दावा उशिराच्या कारणावर अडतो. पहिल्या २४ तासांत मदत केंद्राला फोन करा, संदर्भ क्रमांक घ्या, लगेच त्याच मजकुराचा ईमेल करा. कॅशलेस सोय साधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्यावरच असते. बाह्यरुग्ण उपचाराचे पैसे आधी भरून मग मागायचे. एसीसीने दिलेल्या रकमेवर पुन्हा दावा करता येत नाही. तुमच्या खिशातून गेलेलंच मागा.

परतीची तारीख बदलायची असेल तर डॉक्टरचं ‘अमुक तारखेपर्यंत विमानप्रवास नको’ असं पत्र तिकीट बदलण्याआधी घ्या. आधी तिकीट बदललं आणि मग पत्र आणलं, की तारखांवरून प्रश्न उठतो.

१०. शस्त्रक्रिया तिथे की घरी, आणि परतीचं विमान

सरकलेलं हाड, जखम उघडून मोडलेलं हाड, निखळलेला सांधा, हे तिथेच दुरुस्त करून घ्या. गुडघ्याच्या बंधाची शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. सूज उतरल्यावरच करतात, म्हणून ब्रेस घालून घरी येणं आणि आपल्या डॉक्टरकडे करणं सोयीचं. पण लक्षात घ्या, तो खर्च एसीसीचा नाही. तुमची प्रवास पॉलिसी परतल्यावरचा उपचार देते का, नाहीतर इथला मेडिक्लेम देतो का, हे शस्त्रक्रिया नाकारण्याआधी फोन करून विचारा.

नव्या प्लास्टरने लगेच विमानात बसू देत नाहीत. लांबच्या प्रवासाला सर्वसाधारणपणे ४८ तास थांबायला सांगतात, किंवा प्लास्टर उभं चिरून देतात, कारण पाय हवेत आणखी सुजतो आणि घट्ट प्लास्टरमध्ये रक्तपुरवठा अडतो. गुडघा वाकत नसेल तर साध्या सीटवर बसता येत नाही, जादा जागा विकत घ्यावी लागते. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरकडून भरून निदान तीन दिवस आधी पाठवा आणि व्हीलचेअर त्याच वेळी मागा. पायाचं हाड मोडलंय आणि प्रवास वीस तासांचा आहे, तर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरला आपणहून विचारा.

दोन सापळे इथेही आहेत. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे नवं तिकीट काढलंत तर भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे पाहा. आणि मुक्काम लांबला तर न्यूझीलंडचा व्हिसा संपण्याआधीच पुढच्या व्हिसाचा अर्ज डॉक्टरच्या पत्रासह करा. रुग्णालयात होतो म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. अगदीच अडचण आली तर वेलिंग्टनच्या भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधा.

घरी आल्यावर क्लेमसाठी लागतात: भरलेला फॉर्म, पासपोर्टवरचे शिक्के किंवा बोर्डिंग पास, मूळ पावत्या, तपासणीची टिप्पणी, आयोजकाच्या नोंदीचा फोटो, एसीसीचा निर्णय कळवणारं पत्र, मदत केंद्राचा संदर्भ क्रमांक आणि रद्द केलेला चेक. एसीसीचं पत्र बऱ्याचदा तिथल्या पत्त्यावर जातं, म्हणून फॉर्म भरताना हॉटेलच्या पत्त्यासोबत तुमचा ईमेल लिहिलाय ना, हे डॉक्टरच्या टेबलावरच बघून घ्या.